साडेचार तासांत लंडन? विमानप्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

कुडाळात आमच्या शेजारच्या काकींचा मुलगा लंडनला असतो. गेल्या डिसेंबरात त्याच्या परतीचं तिकीट बघून त्या म्हणाल्या, "दुपारी दीडाक सुटता आणि सांजचे सहाक पोचता? आमका यष्टीन रत्नागिरीक जावक तेवढो वेळ लागता!"

छापलेलं तसंच होतं. पण दीड मुंबईचे आणि सहा लंडनचे. आधी दोन्ही वेळा भारतीय करा, मग वजाबाकी. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिथले सहा हे आपले रात्रीचे साडेअकरा. प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, त्यामुळे उन्हाळ्यात साडेचारच मिळवायचे.

दुसरी चूक नकाशावर पट्टी ठेवण्याची. पट्टीने मुंबई–न्यूयॉर्क रेघ अरबस्तान, आफ्रिकेवरून जाते. पृथ्वी गोल, म्हणून खरी जवळची वाट चक्क 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. ते अंतर सुमारे साडेबारा हजार किमी. विमान तंतोतंत त्याच वाटेने जाईल असंही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या फेऱ्या वळसा घेऊन लांबल्या. त्यात वारा. वरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनहून येताना जाण्यापेक्षा बहुधा तासभर कमी लागतो. अंतराला ताशी 900 किमी या वेगाने भागून वेळ काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आकडा कशातला आहे तेही बघा. मुंबई–लंडन 7,200 किमी, तेच 4,480 मैल, तेच 3,890 सागरी मैल. बोटीवर काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही, बाकीचे मात्र हमखास गोंधळतात.

दुबईवरून गेलात तर अंतर जेमतेम 200 किमी वाढतं. वेळ खातो तो दुबईतला मुक्काम. म्हणून अंतर सोडा, तिकिटावरचा एकूण वेळ वाचा.

आता आमच्या घरचा घोळ. भावाचं तिकीट 14 तारखेचं, वेळ 00.45. आम्ही 14 ला सकाळी कुडाळहून गाडीत बसवला, रात्री पावणेदहाला तो विमानतळावर हजर. विमान जाऊन एकवीस तास झाले होते! 00.45 म्हणजे 13 तारखेची रात्र, घरातून निघायचं 13 च्या सकाळी. पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +1 असेल तर उतरण्याची तारीख दुसऱ्या दिवशीची, हेही न्यायला येणाऱ्याला कळवा.

गोव्यातून उडणार असाल तर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. तिकिटावरच्या कोडात जीओआय (GOI) म्हणजे दाबोळी, जीओएक्स (GOX) म्हणजे मोपा. मोपा सावंतवाडीकरांना हाकेच्या अंतरावर, दाबोळी पार मांडवी-झुआरी ओलांडून. आणि पावसाळ्यात मुंबई गाठायची तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आधी बघा, गाड्या सावकाश धावतात. आमच्याकडून लंडनला जाणाऱ्याचा अर्धा प्रवास मुंबईपर्यंतच होतो.