डॉक्टर हूचे फोनवरचे पझल गेम कसे खेळायचे (सिरीयल बघितली नसली तरी)

"सिरीयल बघितलेली नाही, मग गेम कळेल का?" हा प्रश्न ग्रुपवर सारखा येतो म्हणून इथे एकदाच लिहून टाकतो. कळेल, पण आधी एकच एपिसोड बघा. अख्खी सिरीयल बघायच्या भानगडीत पडू नका, काळातून फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या हिरोची ही ब्रिटिश सिरीयल बीबीसीवर 1963 ला सुरू झाली, 1989 ला थांबली, 2005 ला परत आली, तेवढं बघत बसलात तर गेम राहिला बाजूला.

तो एपिसोड म्हणजे 2007 चा 'ब्लिंक'. पाऊण तासाचा आहे आणि त्यात स्वतः डॉक्टर फारसा दिसतच नाही, त्यामुळे मागचं पुढचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. त्यात वीपिंग एंजल्स म्हणजे दगडी पुतळे आहेत, तुम्ही बघताय तोवर दगड, पापणी लवली की हलले, आणि हात लागला की तुम्ही थेट जुन्या काळात. (आपल्याकडे पुण्यात चौकाचौकात पुतळे, एपिसोड बघून रात्री जंगली महाराज रोडने गाडीवर जाताना झाशीच्या राणीकडे दोनदा बघाल, गॅरंटी.)

मग 'द लोनली असॅसिन्स' घ्या, मार्च 2021 ला आलेला, 'ब्लिंक'च्याच पुढची गोष्ट. तुम्हाला लॅरी नाइटिंगेलचा हरवलेला फोन सापडलाय, हा लॅरी म्हणजे एपिसोडमधला डीव्हीडीच्या दुकानातलाच, आणि तुमचा स्क्रीन म्हणजेच त्याचा फोन. मेसेज, मेल, फोटो उघडून बघायचे, तिकडून ऑसगुड नावाची शास्त्रज्ञ चॅटवर विचारत राहते आणि तुम्ही पुरावा शोधून तिला पाठवायचा.

इथे बहुतेक जण घाई करतात. ऑसगुडने काही विचारलं की लगेच दिसेल ते पाठवत सुटू नका, आधी तिचा प्रश्न नीट वाचा, तिला जागा हवीये, माणूस हवाय का तारीख हवीये ते ठरवा आणि मग त्याच अ‍ॅपमध्ये शिरा. चॅट वाचताना खालून नाही, वर जाऊन जुन्यापासून वाचा, कारण नुसता शेवटचा मेसेज वाचून कोण कोणाशी का भांडतंय काही कळत नाही. फोटोत माणसाचा चेहरा सोडून मागे काय आहे ते बघा. आणि शेजारी कागद ठेवा राव, नावं आणि तारखा लिहा, वेस्टर ड्रमलिन्स हे पडकं घर कुठे आलं की खूण करून ठेवा. अडलात तर यूट्यूबवर उत्तर बघायच्या आधी सगळी अ‍ॅप्स एकदा परत उघडा, कारण गोष्ट पुढे सरकली की त्या फोनमध्ये नवीन काहीतरी आलेलं असतं.

हेडफोन मस्ट. अर्धी भीती आवाजातच आहे आणि गणपतीच्या आधी नदीपात्राजवळ राहत असाल तर ढोलाच्या सरावात एंजल आला काय नि गेला काय. साधारण दोन-तीन तासांचा गेम आहे, वनाज ते रामवाडी मेट्रोत संपणार नाही, रविवारी सलग बसा.

दुसरा प्रकार रंगीत मण्यांचा. 2013 चा 'लेगसी' तसाच होता, आता बंद झालाय, पण त्या धाटणीचे गेम अजून येत असतात आणि युक्ती तीच. तुमच्या टीममधल्या प्रत्येकाचा एक रंग, त्या रंगाचे मणी जुळले की तो हल्ला करणार, आणि गुलाबी जुळले की तुमची हेल्थ भरणार. मण्याला बोट लावायच्या आधी तो कुठून कुठे न्यायचा ते डोळ्यांनी ठरवा, एकदा उचलला की टायमर पळतो. जमेल तेवढं खालच्या ओळीत जुळवा, वरचे पडताना आपोआप आणखी जुळतात, फुकटचा फायदा. गुलाबी मात्र हेल्थ फुल असताना उधळू नका.

डाउनलोड करताना गेमचं पूर्ण नाव टाका, नुसतं डॉक्टर हू सर्च केलंत तर क्विझ आणि वॉलपेपरच्या ढिगात अडकाल.