थेरपिस्टची फी झेपत नाहीये, हे त्यांना सांगायचं कसं?

आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे तुम्ही तरी तो करणार नाही. मागच्या वर्षी नाइट शिफ्टचा भत्ता बंद झाला आणि थेरपीचे आठवड्याला दीड हजार, म्हणजे महिन्याचे सहा हजार, आणायचे कुठून ते कळेना. मॅडमना सरळ सांगायचं सोडून मी काय केलं, तर एकदा ताप आलाय म्हणालो, एकदा गावाला चाललोय म्हणालो, आणि तिसऱ्या वेळी मेसेज वाचूनही उत्तरच दिलं नाही. क्लिनिक राम मारुती रोडच्या बाजूला, म्हणून ठाण्यात उतरलो की तो रस्ताच टाळायला लागलो. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारा माणूस मी, आणि ज्या बाईंसमोर वडिलांच्या आठवणीने ढसाढसा रडलोय त्यांना पैसे नाहीत एवढं सांगता येईना!

तर आता क्रमाने.

पहिलं काम: कागदावर आकडा काढा

फक्त फी नाही, सगळं धरा. मी कोपरखैरणेहून ठाण्याला यायचो, त्यात ट्रेन, रिक्षा आणि महिन्यातून एखादा हाफ डे गेलेला, हे सगळं मिळून फीच्या वर बरंच निघालं. मग हप्ते, भाडं, घरचं वगैरे बाजूला काढून बघा की दर महिन्याला न कुरकुरता किती देता येतील. माझा आकडा आला दोन हजार. लाज वाटून तो फुगवू नका, मी आधी तीन हजार लिहिलेले आणि मग गॅस सिलिंडर आठवला.

आकडा हातात का हवा, तर ‘काही कमी होईल का हो?’ असं विचारलं की ती घासाघीस होते आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, पण ‘मला महिन्याला दोन हजार झेपतात, त्यात काय बसेल?’ म्हटलं की समोरच्याला विचार करायला काहीतरी मिळतं.

दुसरं: भेटायच्या आधी एक मेसेज टाका

मी तो घणसोली ते ठाणे ट्रेनमध्ये उभ्याउभ्या लिहिला, चार वेळा खोडला, आणि शेवटी ऐरोली गेल्यावर डोळे मिटून पाठवला. साधारण असा होता:

‘मॅडम, मी दोनदा खोटी कारणं दिली आणि तिसऱ्या वेळी उत्तरच दिलं नाही, सॉरी. खरं कारण पैशांचं आहे. पगार कमी झालाय आणि दर आठवड्याची फी आता जमत नाहीये. थेरपी सोडायची नाहीये. पुढच्या वेळी आल्यावर आधी यावरच बोलूया का?’

एवढं पुरे. पगाराची स्लिप, कर्जाची कहाणी वगैरे काही जोडायची गरज नाही. आणि हो, हे थकबाकी साठायच्या आत करा. दोन-तीन सेशनचे पैसे राहिलेले असतील तर तेही त्याच मेसेजमध्ये टाका, नंतर सांगायला जास्त जड जातं.

तिसरं: बसल्याबसल्या पहिल्या पाच मिनिटांत विषय काढा

पंचेचाळीस मिनिटं ऑफिसचं रडगाणं गाऊन शेवटी चप्पल घालताना ‘मॅडम, ते फीचं...’ असं करू नका, तेव्हा त्यांचा पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, ‘मॅडम, आधी पैशांचं बोलतो, नाहीतर राहून जाईल.’ त्या म्हणाल्या, ‘बरं झालं मेसेज केलास. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.’ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता मागायचं काय, तर पर्याय बरेच असतात. काही थेरपिस्ट थोड्या जागा कमी फीसाठी ठेवतात, त्याला स्लायडिंग स्केल म्हणतात, म्हणजे ज्याची जशी कमाई तशी फी. ते नसेल तर पंधरा दिवसांनी भेटणं, ऑनलाइन बोलणं (किमान रिक्षा वाचते), पगार झाल्यावर एकदम पैसे देणं, किंवा त्यांच्याच हाताखाली शिकणाऱ्या ज्युनिअरकडे कमी फीत जाणं. आणि पैशांचं बोलताना रडू आलं तर येऊ द्या. आमच्या घरी पैशांचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा, ते मला त्या दिवशीच पहिल्यांदा सांगता आलं.

चौथं: जे ठरेल ते पक्कं करा

कमी फी कधीपर्यंत, ऐन वेळी रद्द केलं तर काय, पुन्हा कधी बोलायचं. तिथेच विचारून मोबाइलवर लिहून घ्या.

आणि नाही म्हणाले तर?

म्हणू शकतात, त्यांनाही क्लिनिकचं भाडं भरायचं असतं, राग मानू नका. फक्त दोन गोष्टी मागा: कमी फीत बघणाऱ्या कोणाचं तरी नाव, आणि नीट निरोपाचं एक सेशन. गोळ्या चालू असतील तर पैशांपायी त्या मनाने बंद करू नका, आधी सायकियाट्रिस्टला सांगा, जेनेरिक लिहून देता येतात का विचारा.

आपल्याकडे ‘याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ हा जोक लहानपणापासून ऐकलाय, त्यामुळे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात. पण १९०१ पासूनच्या त्या सरकारी हॉस्पिटलला ओपीडी आहे, केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवून घरी येता येतं. नवी मुंबईत राहत असाल तर नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत, तिथे मानसोपचार विभाग असतो. दर आठवड्याला तासभर निवांत बोलणं अशा गर्दीच्या ओपीडीत मिळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथेही फोन करून फीबद्दल विचारायला हरकत नाही.

ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कात नोकरी असेल तर एचआरला ईएपी (म्हणजे कंपनीच्या खर्चाने कर्मचाऱ्यांना समुपदेशन) आहे का विचारा, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत काही सेशन फुकट असतात आणि ऑनबोर्डिंगच्या मेलमध्ये ते कोणी वाचतच नाही. मेडिक्लेमचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच कव्हर करायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरचा खर्च देतात, आठवड्याच्या सेशनसाठी पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते बघावं लागतं.

आणि मधल्या काळात रात्री फारच वाईट वाटायला लागलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ ला फोन करा. टेली मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फीचं काय ते दुसऱ्या दिवशी.

माझं ठरलं ते असं: पंधरा दिवसांनी एकदा, बुधवारी, हजार रुपये, दिवाळीपर्यंत. दिवाळी झाल्यावर मॅडमनीच विषय काढला, ‘आता कसं आहे?’ म्हणून. मी म्हटलं बाराशे जमतील. त्या म्हणाल्या, चालेल, पण सिलिंडर धरलास ना?