तिठा, फाटा आणि जंक्शन: कोकणात कुठे कसं वळावं

तीन रस्ते मिळाले की तिठा, चार मिळाले की चौक, आणि मुख्य रस्त्याला आडरस्ता फुटला की फाटा. हातखंबा तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता महामार्ग 66 ला मिळतो, तर वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो.

फाट्यावरून महामार्गावर येताना गाडी पूर्ण थांबवा. नुसता वेग कमी करून भागत नाही, कारण उतारावरून येणाऱ्या ट्रकच्या वेगाचा अंदाज हमखास चुकतो. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा आणि मगच निघा. पावसाळ्यात आडरस्त्यावरची लाल माती वाहून तोंडाशी साचते. तिच्यावर दुचाकी तिरकी करून वळलात तर चाक सरकलंच समजा. आधी वळा, वेग नंतर वाढवा. सर्कलमध्ये आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या.

रेल्वेचं जंक्शन वेगळं. तिथे मार्गच फुटतात: पनवेलहून दिवा, कर्जत आणि रोह्याकडे, मडगावहून वास्को आणि लोंढ्याकडे. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी असल्याने साध्या स्टेशनातही गाड्यांचं क्रॉसिंग होतं. एक गाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबते, दुसरी मुख्य मार्गाने निघून जाते. त्यामुळे गाडी खोळंबली म्हणजे जंक्शन आलं असं समजून उतरू नका. पाटीवर ‘जंक्शन’ लिहिलंय का ते बघा. आणि सांध्याजवळून, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथून, रूळ कधीच ओलांडू नका. सरकत्या रुळाच्या फटीत पाय अडकतो.