थांबलेला ॲक्सिस: रीसेटच्या आधी काय वाचायचं

मोशन कंट्रोलरवर (मशीनच्या मोटरी हलवणारा कंट्रोलर) नव्याने काम करणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगतो. मशीन मध्येच थांबलं तर लगेच रीसेट मारू नका, पॉवर बंद-चालू करू नका. मशीन कदाचित सुरू होईलही, पण ते का थांबलं याची नोंद पुसली जाईल आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. स्टेटस कमांड नुसत्या वाचतात, काही हलवत नाहीत. मशीन चालू असतानाही त्या बिनधास्त द्याव्यात.

मी गॅलिल कंपनीच्या कंट्रोलरवर शिकलो, म्हणून नावं तिथलीच देतो. दुसऱ्या बनावटीत कमांड बदलतात, विचारायचे प्रश्न मात्र हेच.

कमांडला उत्तर म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह आलं तर टीसी १ (एरर कोड विचारणारी कमांड) द्या, नकाराचं कारण शब्दांत मिळतं. कोड २० म्हणजे मोटर ऑफ असताना बिगिन (हालचाल सुरू करायची कमांड) दिलंय. २२ म्हणजे लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाला बसवलेला स्विच) आडवा आलाय. हा कोड एकदा वाचला की शून्य होतो. तेव्हा लगेच लिहून ठेवा, नाहीतर मागून येणारा शून्य बघून 'एरर नाहीच' म्हणून मोकळा होतो.

ॲक्सिस (एका मोटरवर हलणारा मशीनचा भाग) चालू होऊन मग थांबला असेल तर एससी, म्हणजे स्टॉप कोड. १ आला तर तो ठरल्या जागी पोचून थांबलाय, तक्रार कंट्रोलरची नाही, प्रोग्रॅम तपासा. २ म्हणजे पुढचं लिमिट, ३ म्हणजे मागचं. ८ म्हणजे पोझिशन एरर (हुकमाची जागा आणि खरी जागा यांतला फरक) मर्यादेबाहेर गेला आणि ऑफ-ऑन-एररने (ओई, एरर वाढला की मोटर बंद करणारी सोय) मोटर सोडली.

टीएस, म्हणजे ॲक्सिसची स्थिती सांगणारी कमांड, एकच आकडा देतो आणि नवीन माणूस इथेच अडकतो. त्याचे बिट सोडवा, म्हणजे तो कुठल्या आकड्यांची बेरीज आहे ते बघा: १२८ म्हणजे ॲक्सिस चालू आहे, ६४ म्हणजे एरर मर्यादेबाहेर, ३२ म्हणजे मोटर ऑफ, ८ आणि ४ पुढच्या-मागच्या लिमिटचे, २ होम स्विचचा (मशीनची सुरुवातीची जागा). गंमत अशी की लिमिटचा बिट १ असेल तर स्विच दाबलेला *नाही*. त्यामुळे ४४ दिसलं तर घाबरायचं कारण नाही: ३२, ८ आणि ४. मोटर ऑफ आहे, दोन्ही लिमिट मोकळी. त्याच जागी ३६ दिसलं तर ८ गायब आहे, म्हणजे पुढचं लिमिट लागलंय.

खरी माहिती या दोन कमांडचं जुळत नाही तेव्हा मिळते. टीएस आत्ताची स्थिती सांगतो, एससी थांबण्याच्या क्षणाचं कारण. एससी २ म्हणतोय आणि टीएसमध्ये लिमिट मोकळं दिसतंय, असं झालं तर आधी एफएल (पुढचं सॉफ्टवेअर लिमिट) बघा, कारण सॉफ्टवेअर लिमिटही २ हाच कोड देतं. एफएल ठीक असेल तर स्विचची वायर हलवून बघा: ढिला टर्मिनल किंवा मोटरच्या केबलशेजारून गेलेली, शील्ड नसलेली सिग्नलची तार. असे बिघाड पॅनेल उघडून नुसतं बघत बसल्याने सापडत नाहीत.

मोटर ऑन आहे पण ॲक्सिस जागचा हलत नाही? मग टीई (पोझिशन एरर) आणि टीटी (मोटरसाठी दिलेला टॉर्कचा हुकूम, व्होल्टमध्ये) एकत्र वाचा. टीई मोठा आणि टीटी ९.९९८ व्होल्टला टेकलेला, म्हणजे कंट्रोलर पूर्ण जोर लावतोय. दोष त्याच्या पुढे आहे: ॲम्प्लिफायर इनेबल नाही, यांत्रिक अडकण आहे, किंवा मोटर फिरतेय पण एन्कोडर (शाफ्टची जागा मोजणारा भाग) सांगत नाही. टीई मोठा आणि टीटी जवळपास शून्य असेल तर गेन (एररला किती जोराने उत्तर द्यायचं ते) आणि टॉर्क लिमिट (टीएल) तपासा. हे सगळं एसएच (मोटर ऑन करणारी कमांड) देण्याआधी वाचा. एसएच आहे ती जागाच हुकमाची जागा धरतो, मग जमलेला एरर हातचा जातो.

एन्कोडरबद्दल शंका असेल तर एमओ (मोटर ऑफ) देऊन शाफ्ट हाताने एक फेरा फिरवा आणि टीपी (एन्कोडरने मोजलेली जागा) बघा. (उभा ॲक्सिस असेल तर आधी खालून आधार द्या, एमओ दिल्यावर तो कोसळतो.) १००० लाइनच्या एन्कोडरला फेऱ्यामागे ४००० काउंट (लाइनमागे चार) यायला हवेत. काउंट बरोबर आहेत, पण एसएच देताच मोटर सुसाट पळते, तर ध्रुवता (मोटर आणि एन्कोडरच्या दिशांचा मेळ) उलटी आहे. ही चाचणी टीएल कमी ठेवून आणि ओई चालू करूनच घ्या.

दुरुस्ती झाली की चालत्या मशीनवर टीई आणि टीटीचे नेहमीचे आकडे लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. चालताना टीई शून्य नसतोच. किती असतो हे माहीत असेल तरच 'मोठा' या शब्दाला काही अर्थ आहे.