क्रूझर मोटरसायकलला इंजिन गार्ड कसा बसवावा

इंजिन गार्ड म्हणजे वाकवलेली पोलादी नळी आणि तिला फ्रेमशी धरून ठेवणारे मोजके बोल्ट. गाडी उभ्या उभ्या कलंडली किंवा वळणावर कमी वेगात घसरली, तर तिचं वजन इंजिनाच्या कव्हरवर न येता या नळीवर यावं, हे त्याचं काम. जोराच्या धडकेत पाय वाचेल या भरवशावर मात्र राहू नये. पडताना खरा ताण येतो तो नळी फ्रेमला जिथे जोडलेली असते तिथे. म्हणून गार्ड कितीही जाडजूड असो, तो बसवला कसा आहे यावरच सगळं ठरतं.

गार्ड आपल्या मॉडेलचा आणि त्याच वर्षाच्या गाडीचा घ्यावा. ‘कुठल्याही गाडीला बसतो’ असं सांगून विकलेल्या गार्डची भोकं ओढूनताणून जुळवावी लागतात, आणि तिथूनच बिघाडाला सुरुवात होते. सोबत आलेल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा ताकदीचा दर्जा सांगणारा आकडा कोरलेला दिसला पाहिजे. चकचकीत दिसतात म्हणून त्यांच्या जागी साधे स्टेनलेसचे बोल्ट लावू नयेत. त्यांची ताकद सहसा 8.8 पेक्षा कमी असते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा. सायलेन्सरचा बेंड पाइप अगदी शेजारी असतो. गाडी साइड स्टँडवर कललेली असताना गार्ड सरळ बसला की नाही हे डोळ्याला कळत नाही, म्हणून ती सरळ उभी करून नीट आधार द्या. पुढच्या मडगार्डवर जुना टॉवेल टाका, फ्रेमच्या पुढच्या नळीला मास्किंग टेप गुंडाळा. एक मदतनीस हवाच, कारण एका हाताने गार्ड धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावायला गेलं की रंग हमखास खरवडतो.

आधी सगळं सैल बसवायचं. वरचा क्लॅम्प फ्रेमला नुसता अडकवा, म्हणजे गार्ड लोंबकळत राहील. क्लॅम्पखाली एखादी वायर, क्लचची केबल किंवा ब्रेकचा पाइप दबत नाही ना, हे बोट फिरवून पाहा. मग खालचे बोल्ट लावा. प्रत्येक बोल्टचे पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. फिरत नसेल तर पाना उचलू नका. आट्यांत रंग किंवा माती असेल तर ब्रशने साफ करा. बोल्ट वाकडा धरला असेल तर काढून पुन्हा लावा.

भोकं एखाद-दोन मिलीमीटर चुकत असतील तर सगळे बोल्ट आणखी सैल करून गार्ड हलवला की बहुधा जुळतात. त्याहून जास्त फरक असेल तर गार्ड वाहतुकीत वाकला असण्याची शक्यता असते. तो बदलून घ्या. बोल्टच्या जोरावर गार्ड ओढून बसवणं किंवा भोक मोठं करणं, दोन्ही मला अजिबात मान्य नाही. ओढलेली नळी कायम ताणात राहते. इंजिनाच्या थरथरीने तो ताण फ्रेमच्या वेल्डिंगवर येत राहतो आणि कालांतराने तिथे तडा जातो.

काही गाड्यांत खालची जोडणी इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टवरच असते. इथे घाई नको. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने हलका आधार द्या. ऑइल फिल्टरवर भार येऊ देऊ नका. एका वेळी एकच बोल्ट काढा. तो सहज निघत नसेल तर इंजिनाचं वजन त्यावर टेकलेलं आहे, तेव्हा जॅक किंचित वर-खाली करून पाहा. बोल्ट आरपार जाणारा असेल तर जुना बाहेर ढकलतानाच त्याच्या मागोमाग नवा आत सरकवा, म्हणजे इंजिन जागचं हलत नाही. गार्डच्या पट्टीची जाडी मध्ये आल्याने जुना बोल्ट तेवढाच आखूड पडतो. पोलादात निदान बोल्टच्या व्यासाइतक्या आणि ॲल्युमिनियममध्ये त्याच्या दीडपट लांबीचे आटे आत गेले पाहिजेत, म्हणून लांब बोल्ट दिला असेल तर तोच वापरा.

सगळे बोल्ट आपापल्या जागी गेले की गार्डच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. ती सारखी आली की डावा-उजवा आलटून पालटून थोडं थोडं आवळा. वरच्या क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, गार्डसोबतच्या कागदावर दिलेल्या आकड्याप्रमाणे. तिथे आकडा नसेल तर पोलादात बसणाऱ्या 8.8 दर्जाच्या एम8 (8 मिलीमीटर व्यासाच्या) बोल्टला साधारण 25 आणि एम10 ला 45 ते 50 न्यूटन मीटर पुरतात. इंजिनाच्या बोल्टचा आकडा मात्र गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. वर दिलेले आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. तेल किंवा ग्रीस लावून तेवढंच आवळलं तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावायला सांगितलं असेल तर निळ्याचा एक थेंब पुरे. लाल लावला की पुढे उघडताना बोल्ट तापवायची वेळ येते.

आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पुढचा ब्रेक दाबून गाडीवर जोर द्या आणि शॉकअब्सॉर्बर पूर्ण दबल्यावर मडगार्ड गार्डला लागत नाही ना ते पाहा. बूट घालून गिअर आणि मागचा ब्रेक वापरून पाहा. बेंड पाइप आणि गार्ड यांच्यात बोट जाईल एवढी फट हवी.

गार्डची रुंदी मात्र निवांतपणे तपासा. वळणावर गाडी झुकते तेव्हा आधी फूटरेस्ट जमिनीला घासलं पाहिजे. ते दुमडतं आणि तुम्हाला इशारा मिळतो. गार्ड दुमडत नाही. तोच आधी टेकला तर चाकाची पकड सुटू शकते. गाडी सरळ उभी असताना थोडं लांब जाऊन समोर खाली बसा आणि हातात एक ताणलेली दोरी अशी धरा की ती टायर जमिनीला टेकतो तिथून फूटरेस्टच्या टोकाला लागलेली दिसेल. गार्डचा कोणताही भाग या रेषेच्या बाहेर, जमिनीच्या बाजूला डोकावत असेल तर तो गार्ड तुमच्या गाडीचा नाही.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, कारण रंगाचा थर दबून पकड थोडी ढिली होते. मग नट आणि पट्टी यांवरून पेंट मार्करची एक रेघ ओढून ठेवा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. गाडी पडली असेल तर फ्रेमवरच्या जोडाचं वेल्डिंग उजेडात नीट बघा. वाकलेला गार्ड ठोकून किंवा तापवून सरळ करू नका, नवाच घ्या. पुढे त्यावर जादा दिवे लावायचे झाले तर क्लॅम्पनेच लावा. नळीला भोक पाडलं की ती तिथेच कमकुवत होते आणि आत पाणी शिरून गंजते.