फ्री डिश लावताय? कोल्हापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात महाग चूक डिश लावण्याआधीच होते. ऑनलाइन जाहिरातीत एक चपटा इनडोअर अँटेना दिसतो. 'टीव्हीला जोडा, शेकडो एचडी चॅनेल मोफत' असं खाली लिहिलेलं असतं. हा अँटेना परदेशातल्या डिजिटल भू-प्रक्षेपणासाठी, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरवरून येणाऱ्या सिग्नलसाठी आहे. कोल्हापुरात त्याला पकडायला सिग्नलच नाही. दूरदर्शनचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर देशभरात टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि मार्च २०२२ पर्यंत हे काम जवळपास संपलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल भू-प्रक्षेपण सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद होती, कोल्हापूर नव्हतं. म्हणून गच्चीवरच्या जुन्या काटेरी अँटेनाला नवी वायर लावूनही हाती काही लागत नाही.

इथे फुकट टीव्ही म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि आता ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच, दरमहा काही नाही. त्यामुळे 'तुमचं फ्री डिश रिचार्ज संपलंय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो सरळ कट करा. या सेवेला रिचार्ज नावाचा प्रकारच नाही.

दिशा अंदाजाने धरणे

'शेजाऱ्यांची छत्री जिकडे, तिकडेच आपली' हा सल्ला बरेच जण देतात आणि तिथेच फसतात. शेजाऱ्यांची छत्री कोणत्या कंपनीची आहे ते आधी बघा. कोल्हापुरातून जीसॅट-१५ साठी दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२९ अंश, म्हणजे आग्नेय, आणि उंचीचा कोन सुमारे ६० अंश. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे. ती जुनी छत्री वापरायची असेल तर तिच्या मागे उभं राहून ती सुमारे २२ अंश डावीकडे फिरवावी लागते आणि ७-८ अंश खाली घ्यावी लागते. एअरटेलची असेल तर साधारण १६ अंश उजवीकडे आणि १४ अंश वर. सन डायरेक्ट ९३.५ वरच आहे, त्यामुळे तिची छत्री हलवायची गरज नाही.

डिश टीव्हीची छत्री मात्र चांगलीच फसवते. तो उपग्रह ९५ अंशांवर आहे, म्हणजे अगदी शेजारी. सिग्नल भरपूर दिसतो, पण चॅनेल येत नाहीत किंवा भलतेच येतात. तिला फक्त दोन अंश उजवीकडे आणि एक अंश वर घ्यायचं असतं. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची कड एक सेंटीमीटर सरकली की दोन अंश झाले. इतकं बारीक काम नट पूर्ण सैल करून होत नाही. छत्री जेमतेम हलेल एवढाच नट ढिला ठेवा.

मोबाइलचा होकायंत्र अॅप लोखंडी पत्र्याजवळ आणि सळ्यांच्या खांबाजवळ खुशाल वीस अंशांनी चुकतो. शहरातल्यांसाठी त्याहून खात्रीची खूण म्हणजे पन्हाळा. गच्चीवरून गड दिसत असेल तर त्याकडे सरळ पाठ करून उभे राहा. तुमचं नाक जिकडे, तिकडेच छत्रीचं तोंड, म्हणजे कागल आणि हुपरी यांच्या मधल्या बाजूला. ही खूण शहरापुरतीच. इचलकरंजीत किंवा गडहिंग्लजला पन्हाळ्याची दिशा बदलते.

उंचीच्या कोनातही एक गल्लत होते. या छत्र्या ऑफसेट असतात, सिग्नल तिरपा घेतात. म्हणून ६० अंश वर बघणारी छत्री डोळ्याला त्यापेक्षा बरीच उभी दिसते. ती आकाशाकडे उताणी केली की सिग्नल निसटतो. ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा असतील तर त्यांवरच विश्वास ठेवा, पण त्या खुणा खांब ओळंब्यात असेल तरच खऱ्या. कठड्याला लावलेला पाइप जराही झुकला की सगळा हिशोब कोलमडतो. आधी ओळंबा लावा, मगच छत्री चढवा.

झाडं आणि इमारतींचा हिशोब सोपा आहे. आग्नेयेकडची वस्तू जितकी लांब, तिच्या पावणेदोन पटीपेक्षा ती छत्रीहून उंच असेल तर अडथळा होतो. तीन मीटरवरचं झाड छत्रीपेक्षा सहा मीटर उंच असेल तर चालत नाही. उन्हाळ्यात चित्र येतं आणि पावसाळ्यात पालवी फुटली की जातं, ही तक्रार बहुतेक वेळा अशा झाडामुळेच असते.

एलएनबी जुनी चालेल असं समजणे

एलएनबीवरचं लेबल वाचा. त्यावर ९७५०/१०६०० असं दोन्ही हवं. काही खासगी कंपन्यांच्या एलएनबीवर फक्त १०६०० असतं, ती इथे निकामी. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ आहे. त्यातून ९७५० वजा केले की १३४० उरतात आणि ते बॉक्सला समजतात. १०६०० वजा केले तर उरतात ४९०. बॉक्सची कक्षा ९५० पासून सुरू होते, मग ते दिसणार कसे?

बॉक्सच्या मेन्यूतही हेच भरा. एलएनबी प्रकार युनिव्हर्सल किंवा ९७५०/१०६००, २२ केएचझेड ऑफ, डायसेक नाही. काही बॉक्समध्ये आधीपासून ५१५० असतं, ते मोठ्या सी-बँड छत्रीसाठी आहे. तपासायला ११०९०, पोलरायझेशन व्ही, सिम्बॉल रेट २९५०० द्या. दुसरी ११४७०, बाकी तेच.

एलएनबी पकडीत सरळ उभी बसवून सोडून देणं ही पुढची चूक. उपग्रह आपल्या दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे, त्यामुळे कोल्हापुरात ती जवळपास ४८ अंश तिरकी लागते. पकड ढिली करून ती हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा आणि क्वालिटी कुठे सर्वांत जास्त येते ते पाहा.

क्वालिटीच, स्ट्रेंग्थ नव्हे. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ छत्री भिंतीकडे वळवली तरी भरलेली असते, कारण एलएनबीला वीज पोहोचते आहे एवढंच ती सांगते. 'सिग्नल ८५ टक्के आहे, तरी चित्र नाही' असं कुणी म्हणालं तर तो स्ट्रेंग्थची पट्टी वाचतोय असं समजा. एकाने गच्चीवर छत्री हलवावी आणि दुसऱ्याने खाली टीव्हीसमोर बसून फोनवर क्वालिटी सांगावी. दर हालचालीनंतर तीन-चार सेकंद थांबा, बॉक्सला लॉक व्हायला तेवढा वेळ लागतो.

वायर आणि पाणी

खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. वायर आरजी-६, ७५ ओहमची घ्या. बारीक स्वस्त वायर दहा मीटरनंतर सिग्नल खाते. वायरच्या टोकाला एफ-कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तांब्याच्या तारेला लागला तर बॉक्सवर 'एलएनबी शॉर्ट' येतं. सोलताना जाळी मागे वळवा आणि मधली तार कनेक्टरच्या बाहेर दोन मिलिमीटर ठेवा. कनेक्टरला हात लावण्याआधी बॉक्स बंद करून प्लग काढा.

पावसाळ्यातल्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात, त्या वेगळ्या ओळखा. जोराची सर आली की चित्र फुटतं आणि ओसरल्यावर काही मिनिटांत परततं. हा केयू-बँडचा, म्हणजे या सेवेच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याचा स्वभाव आहे. त्याला उपाय एवढाच की छत्री अगदी अचूक लावायची आणि साठ सेंटीमीटरऐवजी थोडी मोठी घ्यायची, म्हणजे कोरड्या दिवशी सिग्नलची शिल्लक हाताशी राहते. दुसऱ्या प्रकारात पाऊस थांबून ऊन पडलं तरी क्वालिटी खालीच राहते. म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या टोपीत शिरलंय. टोपीला तडा गेलाय का बघा. मुंग्या आणि गांधीलमाशाही तिथे घर करतात. कनेक्टर खोलून मधली तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. वरून जलरोधक रबरी टेप घट्ट ताणून गुंडाळा. साधी काळी इलेक्ट्रिकल टेप एका पावसाळ्यात सुटते. वायर एलएनबीखाली एक वेढा खाली सोडून मग वर घ्या, पाणी तिथून टपकून जातं.

एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा.

एक गोष्ट बिघाडासारखी दिसते, पण बिघाड नसतो. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरअखेर सूर्य थेट उपग्रहामागे येतो. कोल्हापुरात ते सकाळी ११ च्या आसपास होतं आणि काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी छत्रीला हात लावू नका.

चॅनेल गेला म्हणून छत्री हलवणे

खासगी चॅनेलांना फ्री डिशवर जागा ई-लिलावातून मिळते आणि ठराविक मुदतीनंतर यादी बदलते. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि कलर्स रिश्ते एकदम गेले, तेव्हा अनेक घरांत उगीच पाने-पक्कड घेऊन गच्ची गाठली गेली. सह्याद्री नीट दिसत असेल तर छत्री ठीक आहे. जुनी यादी डिलीट करून पुन्हा स्कॅन करा. स्कॅननंतरही शेजाऱ्यांपेक्षा चॅनेल कमी असतील तर बॉक्स बघा. चित्र दाबून पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत; काही चॅनेल एमपीईजी-२ मध्ये येतात, काही एमपीईजी-४ मध्ये, आणि जुना एमपीईजी-२ बॉक्स दुसऱ्या प्रकारचे दाखवूच शकत नाही. नवा घेताना डीव्हीबी-एस२ आणि एमपीईजी-४ लिहिलेलं आहे का पाहा. काही नव्या टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, तेव्हा आधी टीव्हीच्या मागे आट्यांचं एफ-सॉकेट आहे का ते शोधा, बॉक्सचे पैसे वाचतील.

दोन टीव्हींसाठी केबलवाल्याचा साधा स्प्लिटर लावू नका. तो साधारण १००० मेगाहर्ट्झच्या वर काम करत नाही. दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन वेगळ्या वायरी ओढा.

शहरातल्या स्थानिक केबल चॅनेलच्या बातम्या फ्री डिशवर नाहीत, त्या यूट्यूबवर पाहाव्या लागतात. भारताचे काही महत्त्वाचे क्रिकेट सामने मात्र डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशमध्ये दिसतात आणि केबलवरच्या त्याच चॅनेलवर दिसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर दूरदर्शनला मिळणारं ते प्रक्षेपण फक्त त्याच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं आहे. गच्चीवर जाणं जमतच नसेल, तर प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या वेव्हज अॅपवर दूरदर्शनची चॅनेल मोफत चालतात, फक्त डेटा आपला जातो.