पुण्यातला हिवाळा: जागा बरोबर असते, वेळ चुकते

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका रविवारी, आम्ही पाच जण रोहित पक्षी बघायला भिगवणला निघालो. पुण्याहून शंभरेक किलोमीटर. वाटेत मिसळ झाली, मग चहा, मग आतेभावाला उसाच्या फडात फोटो हवे होते. उजनी धरणाच्या काठावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. नाववाल्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. "साहेब, पाणी कुठं उतरलंय अजून? रोहित उभा कुठं राहायचा? जानेवारी सरता सरता या." दोन-चार बगळे बघून परतलो आणि हडपसरच्या वाहतुकीत तास-दीड तास काढला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी घालून चिखल गाळून खातो. धरण भरलेलं असेपर्यंत तो चिखल पाण्याखालीच असतो. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की मग थवे उतरतात. म्हणजे जागा बरोबर होती, पण महिना चुकला आणि तास तर फारच चुकला. हिवाळ्यात घराजवळ काही नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

"गेलो होतो, पक्षी दिसलेच नाहीत"

भिगवणला जाऊच नका असं नाही, पण सुरुवात कवडी पाटापासून करा. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. मध्य पुण्यातून वीसेक किलोमीटर. आधीच सांगतो, नदी आपल्याच शहराचं सांडपाणी घेऊन येते, त्यामुळे वास येतो. बंधाऱ्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बघून आपलीच लाज वाटते. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे चक्रवाक असतात, लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले. नारिंगी-बदामी अंग, फिकट डोकं आणि बहुधा जोडीने. शिवाय थापट्या, शेकाट्या, शेपूट हलवत फिरणारे धोबी. दुर्बीण नसली तरी चालतं.

दहा वाजता पोचाल तर मात्र पदरी निराशा. उजाडताना तिथे असायला हवं, म्हणजे घरून साडेपाचला निघायचं. दुसरी चूक उजेडाची: सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलात तर सगळी बदकं सारखीच काळी दिसतात. सूर्य पाठीशी घ्या. तिसरी, सरळ पाण्याकडे चालत जाण्याची. माणूस उभा चालत आला की थवा उठतो. कडेला झाडाच्या आडोशाला दहा मिनिटं गप्प बसलात तर तेच पक्षी परत येऊन बसतात. लाल-पिवळी जाकिटं घरी ठेवा. आणि कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकून फोटो काढायची पद्धत पडली आहे, ती कृपया तुम्ही पाळू नका. तेलकट बेसन हे त्यांचं अन्न नव्हे.

आजी-आजोबांना पहाटे टेकडीवर नेणं

पक्ष्यांसाठी पहाट बरोबर, पण म्हाताऱ्या माणसांसाठी नव्हे. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर, धूळ, शेकोट्यांचा कचरा-धूर खालीच अडकतो. वेताळ टेकडीवरून सकाळी शहराकडे बघा, तो करडा थर डोळ्यांनी दिसतो. दमेकऱ्यांनी ऊन चांगलं वर आल्यावरच बाहेर पडावं. पर्वतीच्या पायऱ्या आठला चढल्या म्हणून कमी पुण्य लागत नाही.

कपड्यांचीही गंमत असते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. आता तसं होत नाही, पण सकाळी दहा-अकरा अंश आणि दुपारी तिशीला टेकलेलं तापमान एकाच दिवशी असतं. एक जाडजूड स्वेटर घालून निघालेला माणूस अकरा वाजता तो कमरेला बांधून घामाघूम झालेला असतो. त्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, म्हणजे एकेक उतरवता येतो.

रविवारी दहा वाजता सिंहगड

याबद्दल काय लिहायचं? नाक्यावर रांग, घाटात रांग, पिठलं-भाकरीला रांग. मधल्या वारी जा, किंवा रविवारीच जायचं तर आतकरवाडीतून पायी चढा आणि नऊच्या आत दही खाऊन खाली उतरा.

सवाईला खुर्चीच हवी असा हट्ट

भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा संगीत महोत्सव आपल्या शहरात डिसेंबरात भरतो, आणि शेजारच्या पेठेतले लोक "तिकीट महाग असतं" म्हणून जात नाहीत. भारतीय बैठक त्याच मांडवात असते. फक्त जाड सतरंजी आणि पाठीला उशी न्या, कारण रात्री आठनंतर जमिनीतून गारवा वर येतो. आणि केवळ शेवटच्या बड्या कलाकारासाठी उशिरा येऊ नका. पहिल्या सत्रात गाणारे तरुण अनेकदा जीव तोडून गातात, आणि बसायलाही जागा मिळते.

गच्चीवर जाऊन लगेच खाली येणं

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेलं असतं. मधले तीन तारे एका ओळीत. ती रेघ एका बाजूला वाढवली की लखलखता व्याध, दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी, आणि त्याच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. मुलांना हे एकदा दाखवलं की ती पुढे तुम्हालाच दाखवतात.

"काहीच दिसत नाही" याची कारणं मात्र ठरलेली. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आपण दर दोन मिनिटांनी मोबाइल बघतो. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावा, गच्चीवरचा दिवा वॉचमनला सांगून बंद करून घ्या. पंचांगात तिथी बघा, पौर्णिमेच्या आसपास फिके तारे दिसत नाहीत. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, पण तो दहानंतर रंगतो. साडेसातला वर जाऊन आठला खाली आलेले लोक "फसवलं" म्हणतात.

नोव्हेंबरात हुरडा

बोर्ड दिवाळी संपता संपता लागतात, पण रब्बीची ज्वारी ऐकत नाही. दाणा भरतो तो साधारण डिसेंबर अखेरपासून. शेतावर गेलात की एक दाणा नखाने दाबून बघा: पाण्यासारखा चीक उडाला तर अजून कोवळा, नख रुतेना तर उशीर झाला. अलगद दबला की बसा आगटीभोवती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर मळायचं असतं, गार झालं की दाणे सुटत नाहीत. तळहात पोळतो, त्याला इलाज नाही.

लोक हमखास चुकतात ते यानंतर: भरपेट हुरडा आणि वर गार पाणी. पोट तुडुंब फुगतं. ताक घ्या, नाहीतर थोडा वेळ काहीच नको. उरलेला बांधून आणलात तर फ्रिजमध्ये विसरू नका, घट्ट होतो. त्याच रात्री कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर पीठ घालून थालीपीठ लावा. लोणी असेल तर उत्तमच.